अडीच वर्षं दुसरा भाग

मकसूदच्या मोबाईलच्या दुकानात त्या सोमवारी सकाळी गिऱ्हाइकं दोनच होती, पण आवाज ग्रामसभेसारखा येत होता.

"दुसरा भाग तो दुसरा भाग!" राजवर्धन काउंटरवर हात आपटून म्हणाला. "त्याच्यानंतर सगळा उतार हाय. गेम तितंच संपला."

"दादा, तुमी पाचवा खेळलाय का तरी?" मोनानं विचारलं.

"कशाला खेळू? छत्रीचा राक्षस असतो का वहिनी कुठं? बनवणाऱ्यांना सुचंना झालं म्हणून घरातल्या छत्रीला डोळे लावले त्यांनी."

"आन् तुमच्या दुसऱ्यात शेपटीला दिवा लावलेला बेडूक हाय, तो चालतो?"

"तो बेडूक इमानदार व्हता!"

वाद एका जपानी व्हिडिओ गेमचा होता. त्याचं खरं नाव उच्चारायच्या भानगडीत सणसर गावात कुणी पडत नाही, सगळे त्याला डबीचा गेम म्हणतात. रानावनात फिरायचं, चित्रविचित्र राक्षस दिसले की पकडून डबीत भरायचे, त्यांना पोसून मोठं करायचं आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंज लावायची, असा तो खेळ. गेली पंचवीसेक वर्षं त्याचे एकामागून एक भाग येताहेत. नवा भाग आला की जुने खेळाडू गेम बुडाल्याचं जाहीर करतात आणि त्याच संध्याकाळी तो खेळायला बसतात.

मकसूद फुटलेल्या काचेखालून एक मोबाईल सोडवत गप्प बसला होता. त्यालाही मत होतं. चांगलं कडक मत होतं. त्याच्या मते या गेमचा सुवर्णकाळ म्हणजे तिसरा भाग. तो सौदीच्या मामूनं त्याला लहानपणी आणून दिला होता आणि गावात सगळ्यात आधी त्यानंच तो संपवला होता. शेवटच्या लढाईच्या दिवशी तर तो तापानं फणफणला होता. "ताप एवढा की कसा जिंकलो ते बी आठवत न्हाय," असं तो अजून सांगायचा. "पण माझा विजेचा मुंगूस! त्यानं एकट्यानं मैदान मारलं. नाहीतर माझ्याच डबीतलं ते लंगडं बदक, ते काय कामाचं?" त्या गेमची कॅसेट आजही दुकानाच्या खणात मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

पण हे सगळं तो सांगायचा बाहेरगावच्या माणसांना. गावात कुणी मत विचारलं की तो म्हणायचा, "मला सगळेच भाग आवडतात. दुकानदाराला गट नसतो."

याला कारण होतं. राजवर्धन हा दत्तोबांचा मुलगा आणि मोना ही मोहनरावांची सून, गेल्या साली बारामतीहून लग्न होऊन आलेली. दत्तोबा आणि मोहनराव हे गावातले दोन गट. दूध संस्था असो, सोसायटी असो की गणपतीची वर्गणी असो, एकानं पूर्व म्हटलं की दुसऱ्यानं पश्चिम धरायची, अशी तिथली रीत. मकसूदचे अब्बा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींची तार भरून द्यायचे. ते म्हणायचे, "जळालेली मोटार गट विचारत न्हाय." त्यांनी शेवटपर्यंत दोन्ही गट सांभाळले आणि मकसूदच्या लग्नात दोघांना एकाच पंगतीला बसवून दाखवलं. अख्ख्या सणसरात हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही.

आता अब्बा नव्हते. येत्या रविवारी मकसूदची धाकटी बहीण शबीना हिचा निकाह होता आणि पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर पडलेला होता. दोन्ही गट परत एका मांडवात बसवायचे आणि अब्बांचं नाव राखायचं, एवढी एकच गोष्ट मकसूदच्या डोक्यात होती. त्यामुळे तिसरा भाग त्यानं गिळून टाकला होता.

"असं करू," राजवर्धन म्हणाला. "आपल्या पोरांच्या ग्रुपवर मतदान घेऊ. दूध का दूध, पानी का पानी."

"घ्या की," मोना म्हणाली.

राजवर्धननं तिथंच उभ्या उभ्या मोबाईलवर मतदान टाकलं. 'सगळ्यात भारी कोण? दुसरा की पाचवा?' स्वतःचं मत दुसऱ्याला दिलं. मोनानं पाचव्याला दिलं. दोघं हसत हसत आपापल्या वाटेनं गेले. मकसूदला बरं वाटलं. ते मतदान पोरांच्या ग्रुपवर न जाता 'आपलं सणसर' या गावाच्या ग्रुपवर गेलंय, हे त्याला दुपारी कळलं.

तोवर उशीर झाला होता. गावाच्या ग्रुपवर माणसांनी प्रश्न वाचलाच नव्हता, फक्त नावं वाचली होती. दुसऱ्याला दत्तोबांच्या पोरानं मत दिलं, म्हणजे दुसरा आपला. पाचव्याला मोहनरावांच्या सुनेनं दिलं, म्हणजे पाचवा त्यांचा. संध्याकाळपर्यंत उसाला पाणी देणारे, गुऱ्हाळावरचे, दूध घालायला निघालेले असे सगळे आपापलं मत टाकून मोकळे झाले. ज्या साखरबाईंना मोबाईलवर फक्त फोन उचलता येतो, त्यांचंही मत नातसुनेनं विचारून टाकलं. आकडा अगदी बरोबरीचा झाला आणि सगळ्यांना दिसलं की गावात एकाच माणसाचं मत यायचं राहिलंय.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत दत्तोबा पायरीवर येऊन बसले होते.

"मकसूद, तुझं मत दिसंना."

"आबा, ते गेमचं हाय. पोरांची चेष्टा."

"गेमचंच म्हणतोय मी. दुसऱ्याला टाक."

"आबा, दुसऱ्या भागात काय हाय, ठाव हाय का तुमाला?"

"आमचं पोरगं हाय की!" दत्तोबा म्हणाले. यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. उठताना त्यांनी मकसूदच्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या बापानं आमचं मन कधी मोडलं न्हाय."

ते वळणावर दिसेनासे होतात तोच मोहनराव आले. त्यांनी चार्जर बघायला मागितला, तो उलटासुलटा केला आणि परत ठेवला.

"सूनबाई शिकलेली हाय आमची. इंजिनियर," ते म्हणाले. "ती म्हणती पाचवा, म्हंजे काहीतरी बघूनच म्हणत असंल का न्हाय?"

"व्हय तात्या, पण—"

"तिच्या छत्रीला नावं ठेवली म्हणं दत्तोबाच्या पोरानं. भर दुकानात. तुझ्या दुकानात." शेवटचे दोन शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. "आमच्या घरची छत्री म्हंजे काय रस्त्यावर पडलीय व्हय?"

बुधवारी चौकात फ्लेक्स लागला. त्यात दत्तोबा फेटा बांधून हात जोडून उभे होते आणि शेजारी त्यांच्याच उंचीचा, शेपटीला दिवा असलेला बेडूक होता. खाली लिहिलं होतं, 'समस्त दुसरा भागप्रेमी, सणसर.' दत्तोबांनी बराच वेळ फ्लेक्स न्याहाळला आणि हळूच मुलाला विचारलं, "ह्यो आपल्याच गटाचा हाय ना?"

गुरुवारी समोर दुसरा फ्लेक्स आला. त्यात मोहनरावांच्या डोक्यावर डोळे वटारलेली भलीमोठी छत्री होती आणि खाली 'आता बदल पाचव्याचा' असं लिहिलेलं होतं. फ्लेक्स छापणाऱ्या इंदापूरच्या माणसानं दोन्ही बाजूंना मतदानाची तारीख विचारली आणि दोन्ही बाजूंनी ती लवकरच जाहीर होईल असं सांगितलं.

त्या दुपारी मोना आणि राजवर्धन दोघंही तोंड लपवत दुकानात आले. आधी ती आली, मग तो आला, आणि मग मकसूदनं शटर अर्धं खाली ओढलं.

"दादा, माझी चूक झाली म्हणा," मोना म्हणाली. "मला बेडूक आवडतो तसा. मी परवा दुसरा भाग परत खेळून बघितला. चांगला हाय."

"छे छे वहिनी, मी पण पाचवा काढला काल. गोष्ट भारी हाय त्यात. शेवटाला डोळ्यात पाणी आलं माझ्या."

"आलं ना? मला ठाव व्हतं!"

"मग जा की आन् घरी सांगा!" मकसूद जवळजवळ ओरडलाच.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सांगितलं मी," मोना म्हणाली. "मामांना म्हणलं, मी माघार घेते. तर मामा म्हणतात, सूनबाई, घरात काय बी बोल, पण ह्यो शब्द उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. लोकांनी आपल्यावर विश्वास टाकलाय."

"आमच्या आबांनी तर मला पाचवा खेळताना पकडलं," राजवर्धन म्हणाला. "जेवले न्हाईत रात्री."

मकसूदला हसू येत होतं आणि रविवारच्या मांडवाची काळजीही वाटत होती. काळजी खरी ठरली. संध्याकाळी दत्तोबांचा निरोप आला की मांडवात छत्रीवाले असतील तर आमची पानं मांडू नका. पाठोपाठ मोहनरावांचा निरोप आला की बेडूकवाले असतील तर आमचीही मांडू नका. मटणाची पंगत, माळकऱ्यांसाठी वेगळा शाकाहारी स्वयंपाक, सगळं सांगून झालं होतं. मकसूदची अम्मी रोशनबी हिनं दोन्ही निरोप ऐकले आणि ती ओट्यावर बसून राहिली.

"बेटा, हे बेडूक म्हंजे काय हाय नक्की?" तिनं विचारलं.

मकसूदनं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे खरा बेडूक बी न्हाय," ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज फुटला. "तुझ्या अब्बांनी इतकी वर्षं जे जोडलं, ते खोट्या बेडकापायी तुटायचं? शबीनाच्या लग्नात अर्धा मांडव रिकामा?"

शबीना दारातून सगळं ऐकत होती. तिनं मेंदी सुकवायला दोन्ही हात हवेत धरले होते. ती भावाकडे बघत राहिली. ती नजर मकसूदला सोसवेना. अब्बा असते तर त्यांनी काय केलं असतं, याचा विचार करत तो अंथरुणावर पडला, आणि सकाळी उठला तेव्हा त्याला उत्तर सापडलेलं होतं. गेली दहा-बारा वर्षं काउंटरमागे बसून त्यानं दोन्ही गटांचं राजकारण ऐकलं होतं. ते काही फुकट गेलेलं नव्हतं.

त्यानं दोघांनाही दुकानात बोलावलं. मोबाईलमधून उडालेला त्यांच्या बापाचा फोटो परत मिळवून देतो, असं दत्तोबांना सांगितलं आणि मोहनरावांनाही तेच सांगितलं. दोघं आले, एकमेकांना बघून परत फिरले, तेवढ्यात मकसूदनं चहा पुढं केला. चहा टाकून जायची पद्धत दोन्ही गटांत नाही.

"आबा, तात्या," मकसूद म्हणाला, "मागं दूध संस्थेत दोन्ही बाजूंना सारखी माणसं निवडून आली, तवा काय केलं व्हतं तुमी?"

"अडीच-अडीच वर्षं," दोघं एकदम म्हणाले.

"मग हितं बी तसंच करा की. पहिली अडीच वर्षं दुसरा भाग सगळ्यात भारी. नंतरची अडीच वर्षं पाचवा."

दोघांच्याही चेहऱ्यावर या प्रकरणात पहिल्यांदाच काहीतरी समजल्याचा भाव आला.

"पहिली कुणाची?" मोहनरावांनी विचारलं.

"दुसऱ्याची. आकड्यानं तो आधी येतो," मकसूद म्हणाला.

"आन् तवर आमी काय वाऱ्यावर?"

"तवर पाचवा उपाध्यक्ष."

मोहनरावांनी बशीतला चहा फुंकत विचार केला. "मुदत संपल्यावर हे राजीनामा देतील का पण? मागच्या बारीला चार महिनं खुर्ची धरून बसला व्हता यांचा माणूस."

"तात्या, बेडूक कुठं खुर्ची धरतो?" मकसूद म्हणाला.

"आन् पहिल्या भागाला बी कुठंतरी घ्या," दत्तोबा उदार होऊन म्हणाले. "जुनं माणूस हाय. स्वीकृत म्हणून घ्या."

"घ्या," मोहनराव म्हणाले. "दुसरं कुणी इच्छुक हाय का?"

मकसूदच्या ओठावर तिसरा भाग आला होता. खणातली कॅसेट, तो ताप, तो मुंगूस, सगळं आलं होतं. "कुणी न्हाय," तो म्हणाला आणि त्यानं दोघांना पत्रिका पुन्हा हातात दिल्या.

रविवारी मांडव गच्च भरला. दत्तोबा आणि मोहनराव मांडीला मांडी लावून बसले आणि एकमेकांच्या पानात आग्रहानं वाढायला लावू लागले. राजवर्धन रस्सा वाढत होता. मोना बायकांच्या बाजूला साखरबाईंना त्यांनी नक्की कशाला मत दिलं होतं ते सांगत होती. रोशनबीनं मांडवावरून एकदा नजर फिरवली आणि पदरानं डोळे पुसले. मकसूदलाही भरून आलं. अब्बांनंतर हे आपल्याला जमलं, असं त्याला त्या क्षणी अगदी मोकळेपणानं वाटलं आणि ते वाटणं बरोबरच होतं.

दिवस कलायच्या आत शबीनाला सासरी बावड्याला न्यायची गाडी दाराशी लागली. नवरदेव सोहेल हा शांत, लाजरा मुलगा. बावड्यात त्याचं पाइप आणि ठिबकचं दुकान होतं. शबीना गाडीत बसली आणि रडारड सुरू झाली. मकसूद गाडीच्या दाराला धरून हमसून हमसून रडत होता. बायकोनं त्याला दोनदा मागं ओढलं, पण त्याचा हात सुटेना. मेव्हण्याचं रडणं पाहून सोहेल गडबडला. काहीतरी हलकंफुलकं बोलावं, म्हणून त्यानं काच खाली केली.

"भाईजान, तुमच्या गावची भानगड बावड्यापतोर आली व्हती. मी बी लहानपणापासून खेळतो डबीचा गेम. दुसरा चांगला, पाचवा बी चांगला." सोहेल मनापासून हसला. "खरी वाट लावली ती तिसऱ्यानं."

मकसूदचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

"काय म्हणलात?"

"न्हाय, म्हंजे... तिसऱ्यात काय दम नव्हता."

"दम नव्हता?" मकसूदनं दार उघडलं. "उतरा खाली."

"अहो!" मकसूदची बायको किंचाळली.

"उतरा म्हणतो! विजेचा मुंगूस कुठल्या भागात आला? समुद्राच्या तळाचं गाव कुठल्या भागात व्हतं? अख्खा आठवडा मी तोंड दाबून बसलोय! दुसऱ्याचं ऐकलं, पाचव्याचं ऐकलं, पहिल्याला स्वीकृत घेतला, आन् आता माझ्याच दारात माझाच दाजी तिसऱ्याला—"

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. वऱ्हाड परत फिरून गोळा झालं. बावड्याच्या पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली आणि सोहेलच्या चाचांनी बाह्या सरसावायला घेतल्या. पंगतीतून दत्तोबा आणि मोहनराव पान सोडून धावत आले आणि त्यांनी दोन्ही बाजूंनी मकसूदचे दंड धरले.

"मकसूद, लेका, दुकानदाराला गट नसतो," दत्तोबा म्हणाले.

"आन् तवा इच्छुक हाय का विचारलं, तर गप बसला व्हतास," मोहनराव म्हणाले. "ही बंडखोरी झाली."

"सोडा तात्या! आज सोक्षमोक्ष लागू दे. मी ताप अंगात असताना तिसरा भाग जिंकलाय. मला सांगू नये कुणी!"

"भाई," गाडीतून आवाज आला.

शबीनानं चेहऱ्यावरची ओढणी वर केली होती. डोळे रडून लाल झाले होते, पण त्या क्षणी त्यांत पाणी नव्हतं.

"भाई, शेवटची लढाई तू जिंकली न्हाईस. मी जिंकली."

"काय?"

"तुला शुद्ध नव्हती. अम्मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत व्हती. गेम उशाशी चालूच पडला व्हता. मी घेतला आन् खेळले. सकाळी तू जागा झालास, जिंकलेलं बघितलंस आन् एवढा खूश झालास, पेज बी पिलास. मग मला सांगवेना."

मकसूदच्या दंडांवरचे दोन्ही हात आपोआप सैल झाले. त्यानं अम्मीकडे पाहिलं. रोशनबीनं मान हलवली. म्हणजे तिलाही ठाऊक होतं. एवढी वर्षं त्या दोघींनी त्याला ती फुशारकी मारू दिली होती, आणि तीही गावोगावच्या माणसांपुढे.

सोहेल नव्या बायकोकडे नव्यानंच बघत होता. "तसा तिसरा भाग," तो घसा साफ करून म्हणाला, "नीट खेळला तर बराच चांगला हाय."

"शिकला जावई," मोहनराव दत्तोबांच्या कानात म्हणाले आणि दत्तोबांनी मान डोलावली. त्या आठवड्यात दोघांचं एकमत झाल्याची ही दुसरी वेळ.

सोहेलच्या चाचांनी बाह्या खाली केल्या. मकसूदनं दार हळूच लावलं. त्याला ओशाळल्यासारखं झालं होतं आणि बहिणीचा इतका लळा त्याला आधी कधी जाणवला नव्हता. ड्रायव्हरनं गाडी चालू केली तसा तो खिडकीशी वाकला.

"शबू," तो हळू आवाजात म्हणाला, "पण माझ्या मुंगसानंच जिंकलं ना?"

शबीनाला आता परत रडू फुटलं होतं. तिनं नाक पुसलं.

"न्हाय भाई. मुंगूस पहिल्या दणक्यालाच पडला."

"मग?"

गाडी सुटली. शबीनानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मेंदीचा हात हलवत सगळ्या वऱ्हाडाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं, "बदकानं!"